भाऊजींचं वजन

सोमवार, ११ मे २०१५. सकाळी नळाला पाणी कमी. बत्ता सापडेना, वेलदोडे लाटण्यानेच कुटले. साडेदहाला भाऊजींना घेऊन हॉस्पिटलात.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, यज्ञेश्वर. लग्न केलं नाही. कोथरूडला आमच्याच मजल्यावर राहतात, जेवण माझ्याकडे. निवृत्त होईपर्यंत शाळेत गणित शिकवलं. परीक्षेच्या वर्गात त्यांचा पहारा असला की मुलं घाबरत. मोज्यातली चिठ्ठीसुद्धा ते लांबून ओळखत. कॉपी करणाऱ्या एकाला त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं केलं होतं, हे अजूनही अभिमानाने सांगतात.

हिवाळ्यात त्यांच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं कळलं. त्या दिवसापासून तूप, पोळी, भात बंद. सकाळी दुधीचा रस, रात्री ताक. कपडे सैल झाले तसे सोसायटीतले लोक म्हणायचे, "सर, काय मेन्टेन केलंय!" सर खूश.

मग डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनआधी शरीर किती कमजोर झालंय ते मोजू. काय काय मोजतात ते माझ्या मुलाने, केदारने, नेटवर वाचून हिंजवडीच्या ऑफिसातून फोनवर सांगितलं: वजन किती उतरलं, हाताची पकड, चालण्याचा वेग, हात न टेकता खुर्चीतून उठणं. भाऊजींनी मनाशी घेतलं, यात नापास झालो तर ऑपरेशन नाही, म्हणजे संपलंच. आठवडाभर रबरी चेंडू दाबत बसले होते.

तपासणारी मुलगी श्रद्धा. म्हणाली, "आजोबा, जाकीट काढून काट्यावर उभे राहा."

"राहू दे. थंडी वाजते."

"मे महिन्यात?"

"एसी तुमचाच आहे ना?"

तिने हसत एसी बंद केला. आता निमित्त उरलं नाही. भाऊजींनी जाकीट खुर्चीच्या पाठीवर टाकलं, ते घसरलं, आणि आतल्या खिशातून माझा लोखंडी बत्ता खणकन फरशीवर पडला.

"माझा आहे," मी घाईने म्हणाले. "चुकून आला असेल."

"वहिनी, खोटं बोलू नका. मी आणलाय. वजन भरावं म्हणून."

मान खाली घातलेले भाऊजी मी कधी पाहिले नव्हते. मी भिंतीवरचा हृदयाचा तक्ता वाचत बसले.

श्रद्धाने बत्ता उचलून माझ्या हातात दिला. "इथे पास-नापास नसतं, आजोबा. ताकद कमी असली तर आधी नीट जेवण, व्यायाम, मग ऑपरेशन. खोटं वजन धरून चाललो असतो, तर तयारीशिवायच तुम्हाला टेबलावर घेतलं असतं."

नंतर खुर्ची. हात छातीशी बांधून उठायचं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा त्यांचा हात खुर्चीच्या दांडीकडे गेला. त्यांनीच तो परत छातीशी घेतला.

"नाही जमत," ते म्हणाले. "तसंच लिहा."

रिक्षात एकच वाक्य बोलले, "केदारला सांगू नका." मी बरं म्हटलं. बत्ता माझ्या पर्समध्ये. रिक्षा खड्ड्यात गेली की किल्ल्यांवर वाजायचा, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना बघायचो.

रात्री: भाऊजींनी दोन पोळ्या तूप लावून खाल्ल्या. मी बत्ता धुऊन जागेवर ठेवला.