मार्कंड्याच्या घाटावर माझं उलू

देवावरचा माझा विश्वास कधी डळमळला नाही. डळमळायचा तो माझ्या जिभेवरचा. बोलायच्या बाबतीत नव्हे, तिथे तर ती थांबता थांबत नाही, हे आमच्या घरातलं लहान पोरही सांगेल. पण सासरी आल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवायचा ध्यास सगळ्या बायकांनी घेतला होता आणि ती मला काही केल्या जमत नव्हती. बंगाली घरात पूजा असो की लग्न, बायका जीभ तोंडात भराभर डावी-उजवी हलवत एक लांब, उंच आवाज काढतात. त्याला उलू म्हणतात. त्यांचं उलू म्हणजे पाखरांचा थवा उडाल्यासारखं. माझं उलू म्हणजे बैलांच्या रेंगीच्या चाकाला तेल घालायचं राहून गेल्यासारखं.

मी चामोर्शीकडची, झाडीपट्टीतल्या मराठी घरातली. आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या एका बंगाली मुलाशी लग्न करायचं मी ठरवलं, तेव्हा वडील म्हणाले होते, "ते बाहेरून आलेले लोक. उद्या उठून चालले गेले, तर तुले कुठी शोधू मी?" ते लोक हौसेनं आलेले नव्हते, हे वडिलांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. ते मला सासूबाईंनी सांगितलं. आम्ही सगळे त्यांना मा म्हणायचो.

मा पूर्व बंगालातल्या. फाळणीनंतर तो पाकिस्तान झाला आणि पुढे एका हिवाळ्यात लोक धर्म विचारून घरं पेटवायला लागले. आदल्या आठवड्यात ज्यांच्याबरोबर धान झोडपलं, त्यांतलेच काही जण दाराशी येऊन "तुमचं इथे काही नाही" म्हणाले. आणि त्याच गावातल्या एका मुसलमान नावाड्यानं या कुटुंबाला तागाच्या गठ्ठ्यांखाली लपवून नदीपार केलं. मा दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगायच्या, एक सांगून दुसरी कधी गाळली नाही. आईवडील वाटेतच गेले. रायपूरजवळच्या छावणीत दोघी बहिणी उरल्या. मांचं लग्न झालेलं, धाकटी शेफाली त्यांच्या एका मावशीच्या पदराखाली. एका सकाळी निर्वासितांना वसवायला नेणारे सरकारी ट्रक आले. मांचा ट्रक इकडे गडचिरोलीच्या जंगलाकडे निघाला, शेफालीचा दुसरीकडे. कुठे, ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं कुणाला, तेही कळलं नाही.

म्हणून मा दर महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जायच्या. वैनगंगेच्या त्या घाटावर लांबलांबच्या बंगाली वस्त्यांमधून माणसं येतात. दर्शन झालं की मा पाण्याकडे तोंड करून उलू द्यायच्या आणि मग बराच वेळ नुसत्या ऐकत उभ्या राहायच्या. मला आधी वाटायचं, नदीला ऐकतात. शेफालीला ऐकत होत्या, हे लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मांच्या गळ्यात गाठ झाली. आवाज आधी घोगरा झाला आणि मग नुसती कुजबुज उरली. नागपूरच्या डॉक्टरांनी ताबडतोब ऑपरेशन सांगितलं. गाठ कसली ते कापल्यावर कळेल, म्हणाले. मा म्हणाल्या, शिवरात्र झाल्यावर. माझा नवरा चिडला. "मा, इतकी वर्षं नाही आली ती. आता यंदाच येणार आहे का?" मा नुसतं माझ्याकडे बोट दाखवून कुजबुजल्या, "उलू ही देईल."

मी तेव्हा मासे साफ करत होते. हातातला मासा सुटून पातेल्यात पडला.

पुढचे दिवस मांनी मला परसात उभं करून घोटवलं. त्यांच्या स्वतःच्या उलूला एक खोड होती. शेवटी श्वास गिळला जाऊन आवाज तुटायचा आणि उचकीसारखा वर उडायचा. आवाज नसलेल्या बाईनं नुसत्या हातवाऱ्यांनी मला तीही शिकवली. चांगलं काही माझ्या गळ्याला चिकटलं नाही, उचकी मात्र बरोबर चिकटली.

जत्रेच्या दिवशी घाटाच्या वर पोचेपर्यंतच मांना घेरी आली. तिथे एका मुसलमान चाचांचं बांगड्यांचं दुकान मांडलेलं होतं. त्यांनी न विचारता आपलं स्टूल पुढे सरकवलं. "बसा बाई. बांगड्या नका भरू, पन बसा." मांना पाणी पाजलं. मी दोन पावलं पुढे जाऊन, पदर तोंडाशी धरून, खाली मान घालून सुरुवात केली.

बाजूची पोरं फिदीफिदी हसली. पाळण्याच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "काय झालं वो हिले? देवी आली का?"

चाचांनीही मान लांब केली. "बाई, तब्येत बरी हाय ना तुमची?"

"पूजा करून राह्यली मी, भाऊ!"

"मंग तोंड वर करून करा ना. देवाले काऊन लाजता?"

ते गमतीनं बोलले की मनापासून, मला माहीत नाही. पण मी मागे वळून पाहिलं. मा स्टुलावर बसून माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्या नजरेत माझ्याविषयी जराही शंका नव्हती. मलाच माझी लाज वाटली. मंदिराच्या कळसाकडे पाहून मी मनात म्हणाले, मार्कंडेश्वरा, मला हे येत नाही. येणारही नाही. जसं आहे तसं घे आणि पुढचं तू बघ. मग डोळे मिटले, पदर सोडला आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास लावून उलू दिलं. शेवटी उचकीसकट.

किती वेळा दिलं, आठवत नाही. कुणीतरी माझं कोपर घट्ट पकडलं म्हणून डोळे उघडले. समोर ओल्या पातळातली एक किडकिडीत म्हातारी, आणि चेहऱ्यावर राग. ती बंगालीत बोलली, मी इथे मराठीत लिहिते.

"हे कसलं उलू? कोणी शिकवलं तुला असं?"

मी म्हटलं, "सासूनं."

"शेवटी ते उचकी लागल्यासारखं?"

"तेही सासूनंच."

म्हातारी इकडेतिकडे पाहायला लागली. "अशी उचकी आमच्या घरात एकच जण द्यायची. आई तिला त्यापायी मारायची. कुठे आहे तुझी सासू?"

माझी जीभ आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाली होती. मी नुसतं स्टुलाकडे बोट केलं. मा उठून उभ्या राहिल्या होत्या. आवाज नव्हता, त्यामुळे नाव घेता येईना. दोन पावलं चालत आल्या आणि त्यांनी त्या म्हातारीच्या गालावर फाडकन चापट मारली. हरवलेलं पोर सापडल्यावर थोरलं माणूस मारतं तशी.

"अरे अरे, बाई, मारता काऊन!" चाचा ओरडले. तोवर दोघी एकमेकींच्या गळ्यात होत्या आणि शेफालीमावशी मोठमोठ्यानं "दिदी, दिदी" करत होत्या. मघाची हसणारी पोरं तोंड उघडं टाकून पाहत राहिली. मी रडता रडता चाचांना सगळं सांगितलं, तर ते डोळे पुसून म्हणाले, "आता स्टूल एक अन् म्हाताऱ्या दोन. कसं करावं?" आणि शेजारच्या दुकानातून दुसरं मागून आणलं.

मावशी इतकी वर्षं ओडिशात, मलकानगिरीच्या वस्तीत होत्या. त्यांची लेक आमच्याच जिल्ह्यात, मुलचेऱ्याकडे दिलेली, तिच्याकडे त्या प्रथमच राहायला आल्या होत्या आणि जत्राही त्यांची पहिलीच. मांचा आवाज शाबूत असता, तर? मी पदर धरूनच पुटपुटत राहिले असते, तर? मी हिशेब लावायचा सोडून दिला. मला एवढंच कळलं की आपल्या अंगी काय आहे हे देव बघत बसत नाही. आपण ओंजळ उघडी करायची, मग त्यात काय घालायचं ते तो ठरवतो.

ऑपरेशनला मा हसत गेल्या. शेफालीमावशी दवाखान्यात उशाशी होत्या. गाठ साधी निघाली. घोगरा का होईना, आवाजही परत आला. मावशी मग लेकीजवळ मुलचेऱ्यालाच राहिल्या. पुढच्या हंगामात धान घरात आलं आणि एका सकाळी मा नवं पातळ नेसून, पिशवी भरून अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठे निघालात, मा?"

"माहेरी," त्या म्हणाल्या.

मी त्या घरात सून होऊन आल्यापासून हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सासरे गोठ्यातून बाहेर आले आणि त्यांची पिशवी बसथांब्यापर्यंत घेऊन गेले.

चार दिवस म्हणून गेलेल्या मा तिसऱ्याच दिवशी भांडून परत आल्या. माशाच्या कालवणात मोहरी किती घालायची, यावरून बहिणींची जुंपली होती. पाय धुवायच्या आधीच त्यांनी मला बसवून घेतलं आणि माहेरचे लोक कसे हट्टी, माहेरचं जेवण कसं मिळमिळीत, तिथे लेकीबाळींची कशी किंमत नाही, हे त्या घोगऱ्या आवाजात, चेहरा नुसता फुलून आलेला, संध्याकाळपर्यंत सांगत बसल्या. मी चहा करत होते. मध्येच देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले आणि परत ऐकायला जाऊन बसले.