नेरीनाबाईंचा आकडा

आमच्या नेरीनाबाई मोजायच्या. आयुष्यभर तेच. एखाद्या चमत्कारिक आकारावर ठरावीक जातीच्या वक्ररेषा किती बसतात, एवढंच. वडील इटलीतल्या त्रिएस्तेच्या बंदरात कॉफीची पोती मोजत. "आमचा खानदानी धंदा आहे रे," बाई हसून म्हणायच्या.

मी विद्यापीठात त्यांच्या शेजारच्या खोलीतला गणितवाला. आमच्या वरच्या मजल्यावर तंतुवाले, म्हणजे जग इवल्याशा तंतूंच्या थरथरण्यातून झालंय असं मानणारे भौतिकशास्त्रज्ञ. त्या तंतूंना जास्तीच्या मिती लागतात, आणि त्या म्हणे बाईंच्याच आकारांत गुंडाळलेल्या असतात! एकदा त्यांच्यातला ओरेस्ते खाली आला.

"बाई, तुमच्या आकाराला एक जोडीदार आहे. दिसायला निराळा, पण तंतूंना दोन्ही सारखेच. तुमची मोजणी तिकडे नेली की दुपारभरात उत्तर येतं."

"दुपारभरात?" माझं डोकंच फिरलं. "बाईंनी वर्षं घालवलीयेत त्या मोजणीवर!"

त्यात बाईंचा आणि तंतुवाल्यांचा आकडा जुळेना. आमच्याकडे रिवाज असा, की दोन्ही उत्तरं कॉफीच्या खोलीतल्या फळ्यावर लिहायची. ज्याचं चुकेल त्यानंच आपलं पुसायचं. जूनमध्ये बाई निवृत्त होणार होत्या आणि निरोपाचं व्याख्यान त्याच आकड्यावर होतं.

"सोडा हो बाई," मी म्हटलं. "त्यांच्याकडे सिद्धता कुठाय? नुसती हातचलाखी."

"अरे, पण सोप्या आकारांत त्यांचं माझ्याशी बरोब्बर जुळतं. मग इथेच काय बिनसलं?"

कॉफी गार व्हायची, बाईंचं लक्ष नसायचं. शेवटी चूक सापडली. स्वतःलाच छेदणाऱ्या काही रेषा बाईंच्या संगणकावरच्या प्रोग्रामनं दोनदा धरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भरल्या खोलीत बाईंनी आपला आकडा पुसला. मला बघवेना. ओरेस्तेही ओशाळला. "बाई, माफ करा, आम्ही..."

"माफी कसली मागतोस? तुमचं बरोबर का आलं, ते सांग."

ओरेस्ते म्हणाला, "खरं सांगू? सिद्ध करता येत नाही. का जुळतं, आम्हालाही माहीत नाही."

"काय सांगतोस!" बाईंचा चेहरा असा उजळला, की मी बघतच राहिलो. खडू खिशात टाकून त्या मला म्हणाल्या, "निरोपाचं व्याख्यान रद्द करून टाक रे."

गुडघ्यांपायी बाई कधी जिना चढत नसत. त्या दिवशी वर तंतुवाल्यांकडे जाताना ओरेस्तेच्याही पुढे होत्या.