अंगावरून तोडलेलं पोर

बेचाळीस साली मिरवणुकीत घोषणा दिल्या म्हणून मला सहा महिन्यांची सजा झाली. मी सांगलीची, शिकलेली आणि पहिल्यापासून फटकळ. तुरुंगात माझ्या शेजारी कुंडलकडची एक शेतकरीण होती. भूमिगतांना भाकरी पोचवल्या म्हणून ती दीड वर्षासाठी आली होती, आणि तिच्या काखेत सव्वा वर्षाचं अंगावरचं पोर.

पोराला तिथलं अन्न सोसेना. हगवण लागली की हटायची नाही, नुसता हाडांचा सापळा उरला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, याला बाहेर पाठवा, नाहीतर हातचा जाईल. तिची आई गावाकडे सांभाळायला तयार होती, पण म्हातारीला एवढा प्रवास झेपणारा नव्हता. माझी सुटका महिन्यावर आली होती. मी पोचवते म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी बघते तर ही बाई अंगणातल्या कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावतेय! पोरानं तोंड लावलं, थू थू केलं आणि टाहो फोडला. हिनं उचलून ते माझ्या मांडीवर टाकलं आणि पाठ फिरवली. आठ दिवस हेच चाललं. पोर हाका मारी, ही ढुंकून बघेना. माझं डोकंच फिरलं. आई आहेस की वैरीण, असं मी तिला चारचौघींत सुनावलं.

ती शांतपणे म्हणाली, "आवं बाई, रडायचं ते त्याला हितंच रडू द्या. वाटंत रडून रडून जीव घालवंल त्यो. तुमचा लळा लागला की माझं काम झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकलेली मी, आणि शहाणपण सगळं हिच्याकडं. त्या दिवसापासून मी निमूटपणे पोराला भाताची पेज भरवू लागले. ती भिंतीकडं तोंड करून दूध पिळून टाकायची. इतक्या धीराची बाई मी पुन्हा पाहिली नाही.

सुटकेच्या दिवशी पोर माझ्या कडेवर मजेत होतं. ती जात्यावर बसलेली. मी निघते म्हटलं, तरी मान वर केली नाही.

"रडत न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग जावा बिगीबिगी."

पोरानं मागं वळून बघितलं नाही. मी बघितलं. दळण केव्हाच संपलं होतं, आणि ती रिकामं जातं फिरवत होती.