बुधवारी गेलेली पिशवी

प्रवासाची बॅग भरणं हे माझं काम आहे आणि त्यात मी कोणाचं ऐकत नाही. नातेवाइकांत मला मागून काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण कोणी सिमल्याला निघालं की फोन माझ्याकडेच येतो. मी सांगते, बैजवार सांगते, आणि कोणी ऐकलं नाही तर पुढच्या वेळी त्याचा फोन उचलत नाही.

माझे नियम साधे आहेत. जड बूट पायात घालायचे, बॅगेत नाही. गोळ्यांची पट्टी कापायची तर नाव आणि तारीख असलेला भाग सोबत राहील अशी कापायची. सुट्या गोळ्या डबीत भरून नेणाऱ्यांना मी लांबूनच हात जोडते. परगावचा डॉक्टर नुसती पांढरी गोळी पाहून काय ओळखणार, कपाळ? उन्हाळ्यात रायपूरहून निघताना सत्तू, ओआरएसची पाकिटं आणि एक कच्चा कांदा. कांदा जवळ ठेवला की लू, म्हणजे तापलेल्या वाऱ्याची झळ, लागत नाही यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण सासूबाई तो न चुकता द्यायच्या, म्हणून ठेवते आणि जेवताना चिरून खाऊन टाकते. गाडीत दर दोन तासांनी उठून डब्यात एक फेरी मारायची, म्हणजे पाय सुजत नाहीत. आणि औषधांची पिशवी सुटकेसमध्ये कधीच नाही. गोल बाजारातून घेतलेली दोन कप्प्यांची लाल पिशवी आहे, ती घर सोडल्यापासून माझ्या खांद्यावर असते.

एवढं सगळं येत असून दोन वर्षं माझी विद्या कपाटात पडून होती, कारण घरातला माणूसच हलेना. ह्यांची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, माणूस मात्र आतून घाबरला तो घाबरलाच. सरकारी नोकरीत जीपमधून अर्धं बस्तर पालथं घातलेला हा गडी, आता तेलीबांधा तलावाला एक फेरी मारायची आणि घरी यायचं. समता कॉलनीतल्या आपल्या डॉक्टरांपासून दहा मिनिटांवर राहायचं, त्यापलीकडे पाऊल नाही. दोन लग्नं झाली, एक मुंज झाली. दर वेळी तिकीट काढायचं आणि आदल्या दिवशी ह्यांच्या छातीत कसंतरी व्हायचं. ईसीजी काढला की साफ. डॉक्टर हसायचे, म्हणायचे की बाकीच्या गावांतही डॉक्टर असतात, जा. हे मान हलवायचे आणि घरी येऊन तिकीट रद्द करायचे.

मग पुण्याला लेकीला मुलगी झाली. बाळंतपणाला मी एकटी जाऊन आले. बारसं तेवढं राहिलं, आणि लेक अडून बसली. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदीत. फोनवर तिने एकच वाक्य सांगितलं, "बाबा आएँगे, तभी नाम रखेंगे।" झालं. दोन महिने उलटले, तिसरा लागला, आणि ते लेकरू बिनानावाचं. सगळे तिला नुसतं पोट्टी म्हणायचे. मला रात्रंदिवस तेच. मी ह्यांना गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी न विचारता तिकिटं काढली.

ह्यांनी वार पाहिला. शुक्रवार. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ, त्या दिवशी तिकडे निघू नये, असं ह्यांच्या आईचं म्हणणं होतं. मी कपाळाला हात लावला, पण लगेच सावध झाले, कारण त्याच्यावर उपायही सासूबाईंचाच होता. वार वाईट असेल तर आधीच्या चांगल्या वारी आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग वाईट वारी बाहेर पडलं तरी चालतं, वाटेत ती वस्तू तेवढी उचलून घ्यायची. आणि एकदा ठेवलेलं प्रस्थान प्रवास केल्याशिवाय घरात परत आणायचं नाही. मी म्हटलं, हव, ठेवू प्रस्थान. कोणती वस्तू ठेवायची ते तुम्ही सांगा.

ह्यांनी लाल पिशवी दाखवली. जिच्याशिवाय आपण पुढे जाऊच शकत नाही तीच वस्तू ठेवावी, म्हणजे विसरत नाही, असं आई म्हणायची म्हणे. मला ते पटलं, हीच तर गंमत. मी दोन दिवसांच्या गोळ्या बाहेर काढल्या आणि बुधवारी सकाळी पिशवी मागच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, दीदीकडे नेऊन दिली. ही दीदी इथलीच, छत्तीसगढी, माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण, दोघी एकमेकींना दीदीच म्हणतो. तिने पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि देवाच्या फळीखाली ठेवली. घरी येऊन मी माझी यादी काढली. सात नग होते. लाल पिशवीपुढे मी बरोबरची खूण केली, कारण ती गेलीच होती.

शुक्रवारी सकाळी टॅक्सी आली. मी यादी हातात घेऊन खुणा पाहिल्या, सगळ्या होत्या. दीदीच्या घराकडची गल्ली पाइपलाइनसाठी खोदलेली, म्हणून ड्रायव्हरने मोडावर न वळता टॅक्सी सरळ काढली. स्टेशन, गाडी, जागा, सगळं वेळेवर. हे गाडीत बसले यावरच मी एवढी खूश होते की समोरच्या बाईला विचारलं नसताना पाय सुजू नयेत म्हणून काय करायचं ते सांगितलं.

गाडी सुटली की मी नग मोजते. मोजले, सहा. पुन्हा मोजले, सहा. मग खांद्यावर हात गेला. पिशवी नव्हती. रक्त पातळ ठेवायची, बीपीची, सगळ्या गोळ्या दीदीच्या देवाखाली. रात्रीची गोळी आठला. बायपास झालेला नवरा दोन वर्षांनी घराबाहेर काढला आणि औषधं मागे ठेवली, कोणी? पॅकिंग शिकवणारीने. मी रिकामा खांदा पुन्हा चाचपला. ह्यांच्याकडे पाहिलं तर हे खिडकीबाहेर पाहत होते.

"मले आठवली होती," हे म्हणाले. "मोडावर दीदीचं फाटक दिसलं तेव्हाच. मी बोललो नाही."

मी काहून म्हणून विचारलंसुद्धा नाही. मला कळलं होतं. स्टेशनवर मला आठवेल, मग परत जावं लागेल, गाडी सुटेल, आणि ह्यांना घरी जाता येईल. छातीत दुखतंय म्हणायची गरजच नाही. मी विसरले, माझ्याच खुणेवर विसंबले, ती चूक माझी, शंभरदा माझी. पण माझी चूक डोळ्यांनी पाहून हे गप्प बसले याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचबरोबर रडूही आलं. एवढी भीती घेऊन हा माणूस दोन वर्षं माझ्या शेजारी झोपत होता आणि मी त्याला कांदा आणि ओआरएस शिकवत होते.

"दुर्ग येऊन राहिलं," मी म्हटलं. "तुम्हाले उतरायचं असंल तर उतरा. मी नाही उतरत. पोट्टीले नाव ठेवायचं आहे."

दुर्गला गाडी थांबली. हे उठले, चपला सरकवल्या आणि दाराकडे गेले. मी मान वर केली नाही. मनात म्हणत होते की जातील तर जाऊ देत, एकटी जाईन, सांगेन लेकीला. आणि खोटं काहून बोलू, देवाचा धावाही करत होते, मी, जी कांदा चिरून खाते. गाडीला धक्का बसला, फलाट मागे सरकायला लागला. बाजूची जागा रिकामीच.

मग हे आले. दोन्ही हातांत कागदी कप, अर्धा चहा बुशर्टावर सांडलेला.

"बिनासाखरेचा मागायले वेळ लागला," म्हणाले. "नागपूरले तुझ्या बहिणीले फोन लाव. डॉक्टरचा कागद आहे ना तुझ्या पर्सात?"

होता. डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये नसेल असं कधी होत नाही, तेवढी मी अजून मीच होते. बहिणीला फोटो पाठवला. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले की रात्रीची गोळी वेळेवर मिळते आहे ना, मग काही बिघडत नाही. नागपूरच्या फलाटावर बहीण औषधांची थैली घेऊन उभी होती. पुऱ्या-भाजीचा डबा दिला आणि गाडी सुटेपर्यंत मला यथेच्छ सुनावलं. पुढच्या वेळी पॅकिंग मी करून देते, असंही म्हणाली. मी ऐकून घेतलं. ह्यांनी आठला गोळी घेतली आणि मी न सांगताच हे डब्यात एक फेरी मारून आले.

पुण्याला बारसं झालं. नाव आत्याने कानात सांगितलं, पण पाळण्याची दोरी ह्यांच्या हातात होती आणि ती घ्यायला कोणाची हिंमत झाली नाही. आठ दिवसांसाठी गेलो होतो, तीन आठवडे राहिलो. छातीत एकदाही कसंतरी झालं नाही.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दोघं दीदीकडे गेलो. लाल पिशवी फळीखाली जशीच्या तशी. प्रस्थानाची म्हणून तिने झाडतानाही हलवली नव्हती. "तुंहर झोला इहें छूट गे रिहिस, दीदी," पिशवी इथेच राहून गेली होती, असं ती तिच्या बोलीत म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी ओशाळून ती खांद्याला लावायला गेले, तर ह्यांनी मध्येच घेतली. आतल्या गोळ्या काढून स्वतःच्या खिशात टाकल्या. रिकामी पिशवी नीट घडी करून पुन्हा दीदीच्या हातात ठेवली.

"रहने दो दीदी, प्रस्थान रखा है," तिला म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "पुरीचा समुद्र पाहायचा आहे मले. पूर्वेले सोमवार नको, शनिवार नको. बाकीचं तू पाहून घे."

घरी येऊन मी नवी यादी काढली. पहिल्या ओळीत लाल पिशवी लिहिली आणि तिच्या पुढची जागा कोरी सोडली.