अर्धलीचे शेअर

समजा, तुम्हाला एक शेअर विकायचा आहे. तुम्ही पाटोद्याच्या वरच्या माळावर उभे आहात, कारण खाली वस्तीवर रेंज येत नाही. सव्वानऊला बाजार उघडतो आणि शेळ्या चरायला काढायची वेळही तीच. अंगठ्याने पिन टाकता, पडद्यावर चक्र गरगरत राहतं. तेवढ्यात दोन शेळ्या दुसऱ्याच्या तुरीत घुसतात. तुरीवाला बांधावरून तुमच्या आईचा उद्धार करतो. तुम्ही फोन खिशात टाकून पळता, शेळ्या हाकलता, परत टेकाडावर चढता. भाव तुमच्यासाठी थांबलेला नसतो.

सटवा हे काम करायचा. वय पस्तिशीचं, शिक्षण दहावी नापास, शेअरबद्दलचं सगळं ज्ञान फोनवरच्या व्हिडिओतलं. त्याच्याकडे शेळ्या भरपूर असायच्या, पण स्वतःच्या दोनच. बाकीच्या अर्धलीच्या. म्हणजे शेळी मालकाची, राखण सटवाची, आणि जी करडं होतील ती निम्मी-निम्मी. या व्यवहारात कागद नसतो, पण दोन गोष्टी कुणी मोडत नाही. मालकाने तोंडाने सांगितल्याशिवाय मूळ शेळी विकायची नाही. आणि शेळी मेली तर तिचा कान कापून मालकाला दाखवायचा. प्रत्येक मालकाने आपल्या शेळीच्या कानाला वेगळी खाच मारलेली असते. कान दाखवला की राखणदार सुटला. नाही दाखवला तर त्याने विकून खाल्ली असंच समजायचं, आणि अशा माणसाच्या दावणीला पुन्हा कुणी शेळी बांधत नाही.

सटवाची थोरली बहीण सत्यभामा केजकडे दिलेली. ती आणि तिचा नवरा धर्मराज दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला कर्नाटकात जातात. जाताना ती आपल्या शेळ्या भावाकडे ठेवते. त्या तिला माहेरून मिळालेल्या, त्यामुळे मालकीण तीच. २०२४च्या पावसाळ्यात बाजार रोज वर चालला होता. सटवाने स्वतःचे बोकड विकून घेतलेले शेअर फुगले होते आणि त्यांच्याबरोबर सटवाही. त्याने बहिणीला गळ घातली.

"आक्का, औंदा शेळ्या विकू अन् शेअर घेऊ. चारा लागत न्हाई, लस लागत न्हाई, कुणाच्या शिव्या खाव्या लागत न्हाईत."

धर्मराज बाजेवर बसून तंबाखू मळत होता. वस्तीवरची चार माणसंही होती.

"शेळी वरडली की कळतं जित्ती हाय म्हणून," तो म्हणाला. "तुझा शेअर कवा वरडतो बे?"

सगळे हसले. सटवाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"दाजी, तुमी कोयता हाना. ह्याला डोस्कं लागतं."

हसणं थांबलं. धर्मराजने तंबाखू दाढेत धरली. सत्यभामाने भावाचा शब्द ठेवला, शेळ्या विकून पैसे त्याच्या हाती दिले. अट शेळीचीच ठरली. मूळ आक्काचं, वाढ निम्मी, आणि आक्काने सांगितल्याशिवाय मूळ विकायचं नाही. शेअरलाही हीच अट लावायची हे सटवाच्याच डोक्यातून निघालं होतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

त्याने ओळखीच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्या निवडल्या. एक पशुखाद्याची, एक पंपाची. ज्या कंपनीची पोती दुकानात दिसतात ती बुडणार कशी, हा त्याचा हिशोब. बहीण कर्नाटकात पोचेपर्यंत बाजाराने उतार धरला. पशुखाद्याचा शेअर थोडा वाढला होता. सटवाने वाढीपुरता विकला, निम्मे पैसे बहिणीला पाठवले. करडं विकावीत तसं. पंपाचा पडत होता, तो मूळ म्हणून तसाच ठेवला. थोडक्यात, चढणारा विकत गेला आणि पडणारा सांभाळत बसला.

"विकून मोकळे व्हा की," बायको योगिता म्हणाली.

"आक्काला इचारल्याबिगर?"

"मग इचारा ना! फोन कावून न्हाई लावत?"

त्याने लावला. फडावर नवरा-बायकोत एकच फोन, आणि तो असायचा धर्मराजच्या खिशात.

"काय शेठ," पलीकडून आवाज आला, "आमची शेळी काय म्हणती?"

एवढंच म्हणायचं होतं की पडतंय, आक्काला द्या. सटवा म्हणाला, "बरं चाललंय, दाजी."

पुढच्या फोनलाही हेच. दिवाळीनंतर हेच, संक्रांतीला हेच. दर वेळी पलीकडून तो 'शेठ' यायचा आणि सटवाचं तोंड शिवलं जायचं. मार्चपर्यंत पंपाचा शेअर अर्ध्याखाली आला. पशुखाद्याचाही मागोमाग घसरला. बहिणीला विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. एप्रिलच्या पहिल्या रविवारी धर्मराज आणि सत्यभामा वस्तीवर आले. धर्मराजने चपलाही काढल्या नाहीत.

"कुठं हाय आमचं?"

सटवाने फोन पुढे केला. शुक्रवारी टेकाडावर काढून ठेवलेला पडद्याचा फोटो, सगळे लाल आकडे.

"हे काय?"

"पडलंय, दाजी. सगळा बाजारच पडलाय."

"मेली म्हण की सरळ. मेली आसंल तर कान दाखव."

"ह्याला कान नसतो."

"मंग तू खाल्ली न्हाईस कशावरून? हा लाल आकडा तुझाच हाय, का दुसऱ्या कुणाचा? मला काय कळतंय? मी तर कोयता हाननारा!"

योगिता पाणी घेऊन आली होती, ती तांब्या हातात धरून उभीच राहिली. सत्यभामा उंबऱ्यावर बसली होती. ती इतकंच म्हणाली, "सटवा, तू फोनवर बरं हाय म्हणत होतास."

सटवाने फोन खिशात टाकला.

"उद्या सकाळी विक," धर्मराज म्हणाला. "उरलंसुरलं टाक हितं."

आता सटवाही पेटला. "तुमी कोन सांगनार? शेळ्या आक्काच्या व्हत्या. आक्कानं म्हनू द्या."

"म्हन की गं," धर्मराज बायकोवर ओरडला.

सत्यभामाने दोघांकडे पाहिलं. मग पदर खोचून उठली आणि रस्त्याकडे चालू लागली. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. धर्मराज जाता जाता सटवाच्या दोन शेळ्या दावणीतून सोडून घेऊन गेला. सटवाने अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो सव्वानऊच्या आत टेकाडावर होता. बहिणीला फोन लावला. उचलला नाही. बाजार उघडला तो कोसळतच. दोन्ही शेअर डोळ्यांदेखत आणखी खाली गेले. अंगठा विक्रीच्या बटणावर होता. तो म्हणतो, दाबलं असतं तर दाजीचं खरं झालं असतं, मालकिणीला न विचारता विकलीच म्हणून.

धर्मराजने पाटोद्याच्या आठवडी बाजारात तोंड उघडलं, सटवाने बहिणीच्या शेळ्या विकून खाल्ल्या म्हणून. पंधरवड्याच्या आत मालक एकेक करून आले. काहींनी तब्येतीची चौकशी केली, काहींनी तेवढंही केलं नाही. प्रत्येकाने कानाची खाच तपासून आपापली शेळी नेली. दावण रिकामी झाली. सटवा आता मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर भांडी घासतो. तिथे रेंज चांगली आहे.

नंतर बाजार थोडा सावरला. पशुखाद्याचा शेअर बराच वर आला, पंपाचा अजून अडकलेला आहे. सटवाने दोन्हींना हात लावलेला नाही. सत्यभामाकडे आता स्वतःचा फोन आहे. तो तिला आवाजी निरोप पाठवतो. ती ऐकते, हे फोनवर दिसतं. उत्तर येत नाही. त्याला माफी नको आहे, निदान तो तसं म्हणतो. धाब्यामागच्या टाकीला टेकून, ओला हात पँटला पुसून, तो पुन्हा निरोपाचं बटण दाबून धरतो.

"आक्का, दाजीचं जाऊ दे. मालकीण तू हायस. तू सांग, विकू का ठेवू?"