मलशेट्टे आणि इतर

आमच्या कॉलेजातले वीरेश हालगे सर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. म्हणजे तास चालू तोवर सर, घंटा झाली की परके. लग्न झालं, लेक शाळेत जाऊ लागली, तरी कायम होण्याची वाट बघणं चालूच.

अशा माणसानं गप बसावं की नाही? सरांनी संशोधन केलं. अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा सुरकुती न पडता एका काचेवरून दुसऱ्या काचेवर कसा न्यायचा, याची साधी रीत शोधून काढली. नमुने तपासायला विष्णुपुरीला, विद्यापीठात चकरा मारल्या. लेख तयार झाला तसे प्राचार्य म्हणाले, "अण्णांचं नाव वर घाला."

अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष धोंडप्पा मलशेट्टे, उदगीरचे डाळमिलवाले. पापुद्र्यांशी त्यांचा संबंध तुरीच्या सालीपुरता.

"पन सर, अण्णांनी त्यात काय केलं?"

"लग्नपत्रिकेत थोरामोठ्यांची नावं वर ऱ्हातेत का न्हाई? म्हनून नवरदेव बदलतो का? औंदा कायमची जागा निघनार हाय, ध्यानात ठिवा."

सरांनी मुकाट्यानं अण्णांचं नाव आपल्या नावाच्या वर घातलं.

लेख परदेशात छापून आला आणि कोरियापासून ब्राझीलपर्यंत लोक ती रीत वापरू लागले. जो तो आपल्या लेखात या लेखाचा संदर्भ देऊ लागला. पण शास्त्रज्ञांना आमच्या लग्नपत्रिका कुठल्या ठाऊक! ते पहिलं नाव लिहितात आणि बाकीच्यांना 'इतर' म्हणून मोकळे होतात. झालं! जगभर 'मलशेट्टे आणि इतर'. रीतीचं नावसुद्धा 'मलशेट्टे पद्धत' पडलं.

गावात फ्लेक्स लागले. फेटे, शाली, हार. पहिल्या सत्काराला अण्णा चक्क लाजले. पुढंपुढं मात्र त्यांना सगळं आठवू लागलं, प्रयोगशाळेत घाम कसा गाळला तेही. खुर्च्या मांडायला हालगे सर होतेच. मला नुसता संताप यायचा.

"फ्लेक्सवर तुमचं नाव कुठं हाय वो?" त्यांच्या बायकोनं, अंबिकानं विचारलं.

"इतरमधी," सर म्हणाले.

अखेर जागा निघाली. मुलाखतीला मधल्या खुर्चीत अण्णा. सरांनी हातातला लेख पुढं ठेवला. अण्णांनी तो चाळला, प्रेमानं त्यावरून हात फिरवला. थट्टा नव्हती हो, माणूस अगदी मनापासून विचारत होता.

"ह्ये तर माजं संशोधन हाय. लई नाव हाय त्याचं जगात. पन सर, तुमचं सोताचं काय हाय?"