भागाबाईचं पातेलं

वना मिस्तरी भिंत बांधून झाली की तिच्यावरून हात फिरवायचा, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. पांझरेच्या पुरात वस्तीतली मातीची घरं गेली, त्यात त्याचंही गेलं. मग एका संस्थेनं एकवीस पक्की घरं बांधली ती वनाच्याच हातून. वस्तीनं त्याला डोक्यावरच घेतलं.

एके दिवशी संस्थेच्या मोनाली मॅडम जळगावहून घरं तपासायला आल्या. अहवाल चांगला गेला तर शेजारच्या गावची चाळीस घरंही वनाला मिळणार होती. तो त्यांच्या मागेमागे फिरत होता.

पण जिथं जावं तिथं सगळं छानच असल्याचं एकच उत्तर, "बठ्ठं चांगलं शे!" आणि वर चहा. आपल्या माणसाची उणीदुणी पाहुण्यापुढे काढायची, ही रीतच नव्हती वस्तीत. सत्तरीच्या भागाबाईनं तर कडीच केली. "असं घर राजालेबी नही," ती म्हणाली.

वनाची छाती फुगली. तेवढ्यात त्याला चुलीजवळ जमिनीवर ठेवलेलं पातेलं दिसलं. वर पाहिलं, तर स्लॅबला ओलीचा पिवळा डाग. त्याच्या ध्यानात आलं. गच्चीचा ढाळ उलटा पडला होता, पाणी पन्हाळीकडे न जाता स्वयंपाकघरावर साचत होतं. आणि म्हातारी अख्खा पावसाळा गप्प! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस घरं डोळ्यांपुढून गेली.

"मॅडम, लिखा. ढाळ चुकना. मनीच चूक शे."

"गप रे!" भागाबाई कडाडली. "पाहुनासमोर काय बोलस?"

"तक्रार कोणाची म्हणून लिहू, भाऊ?" मोनालीनं विचारलं.

"वना मिस्तरीनी."

मिस्तरीनं स्वतःचीच तक्रार केलेली तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिला हसू आवरेना.

वनानं आठ दिवसांत पदरमोड करून ढाळ नीट केला. मोनाली पुन्हा आली. बायांनी गच्चीवर हंड्यांवर हंडे ओतले. वना स्वयंपाकघरात स्लॅबकडे बघत बसला.

"आते पानी गयस का रे?" वरून भागाबाईनं विचारलं.

"थेंबबी नही, अक्का!"

बाहेर पन्हाळ धो धो वाहत होती आणि वस्तीतली पोरं तिच्याखाली नाचत होती. "चाळीस घरं तुमचीच, भाऊ," मोनाली म्हणाली. "चूक सांगणारा मिस्तरी आम्ही कुठं शोधणार?" वनाला आनंदानं रडूच आलं.

भागाबाई खाली उतरली. चुलीजवळचं पातेलं तिनं उचललं, राखेनं लख्ख घासलं, आणि त्यातच सगळ्यांसाठी शिरा केला.